कोंबडीला जखम झाली तर? घरात ठेवा हा छोटा ‘मलमपट्टी डबा’

मुंगसाने धरलेली, कुत्र्याने ओढलेली किंवा तारेत अडकलेली कोंबडी वरून बरी दिसते. पण पिसांखाली भोक पडलेलं असतं. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की दिवसभरातच अळ्या पडू शकतात. म्हणून पहिल्या काही तासांत जखम धुणं सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी महागडी औषधं लागत नाहीत.

डब्यात काय ठेवायचं?

• नॉर्मल सलाईनची बाटली : मेडिकलमध्ये मिळते. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम (साधारण दीड छोटा चमचा) मीठ विरघळवा. हे पाणी रोज ताजं करा.
• १० किंवा २० मिलीची सिरिंज, सुई काढून : पाण्याची धार मारायला.
• पोव्हिडोन आयोडीन : पाणी घालून पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं करून वापरा.
• गॉजच्या घड्या आणि पट्टी : कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात.
• कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, बॅटरी, जुना स्वच्छ टॉवेल.

वापर कसा करायचा?

कोंबडी टॉवेलमध्ये सैल गुंडाळा. छाती दाबू नका. छाती हलली तरच तिला श्वास घेता येतो. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून ५ मिनिटं न उचलता दाबून धरा. मग जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. सलाईनने घाण निघेपर्यंत धुवा, पातळ आयोडीन लावा. पंखाखाली आणि शेपटीजवळही बॅटरी मारून बघा.

त्यानंतर तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. लाल रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. दाणा-पाणी जवळ द्या आणि जखम रोज दोनदा तपासा.

हे टाळा

रॉकेल, जळकं ऑईल, चुना लावू नका. खोल जखमेत हळद भरली तर वर खपली धरते आणि घाण आतच राहते. माणसांच्या वेदनाशामक मलमांपैकी ज्यात बेंझोकेन किंवा लिग्नोकेन आहे, ती कोंबडीला बाधू शकतात. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही मनाने देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं, तर अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही, हे विचारूनच घ्या.

डॉक्टरांकडे कधी?

पोटाला भोक, मांस लोंबणं, हाड मोडणं, अळ्या, दुर्गंधी किंवा कोंबडीने खाणं सोडलं, तर वाट बघू नका. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. काम झालं की हात साबणाने धुवा.