भिंतीतले मोहोळ

पिंपरीच्या एखाद्या जुन्या कामगार वसाहतीत भिंतीच्या भेगेतून मधमाश्या ये-जा करताना दिसल्या, की पहिली आठवण होते ती कीटकनाशकाची. या माश्या बहुधा सातेरी असतात. उंच टाकीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवणारी आग्या माशी वेगळी. सातेरीला अंधारी पोकळी लागते. तीत ती एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. झाडाची ढोली नसली तर भिंत चालते.

हे ओळखून भिंतीतच माश्यांसाठी जागा ठेवण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट १८२२-२३ मध्ये काश्मीरमध्ये होता. तिथल्या घरांच्या भिंतींत त्याने असे कोनाडे पाहिले: बाहेरून माश्यांसाठी भोक, घराच्या आतून मातीचे झाकण. झाकण काढून धूर द्यायचा, मधाची पोळी कापून घ्यायची, झाकण पुन्हा लिंपायचे. माश्या जिवंत राहत. त्या काळी इंग्लंडात मधासाठी गंधकाच्या धुराने सगळी वसाहत मारून टाकत, हे ध्यानात घेतले म्हणजे या रीतीचे मोल कळते.

वसाहत उचलून दुसरीकडे नेणे मात्र सुट्या चौकटींमुळे सोपे झाले. सुमारे ९ मिलिमीटरची फट माश्या मेणाने बुजवत नाहीत, या निरीक्षणाचा उपयोग अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये केला. सातेरीला साजेशी लहान पेटी दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तयार केली आणि १९११ ते १९१७ या काळात खेड्यापाड्यांतल्या लोकांना ती वापरायला शिकवले. पिंपरीशेजारी पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

आज जाणकार माणूस भिंत उघडून बेताचा धूर देतो, अंडी-अळ्यांची पोळी कापतो आणि वरची बाजू वरच ठेवून चौकटीला दोऱ्याने बांधतो. राणी पेटीत गेली की कामकरी माश्या मागोमाग येतात. सातेरी चटकन घर सोडते, म्हणून दारावर काही दिवस राणी अडेल अशी जाळी लावतात.

विष मारले तर पोळ्यांना वारा घालणारे कोणी उरत नाही. उन्हाने मेण मऊ होते, मध भिंतीतून पाझरतो, मुंग्या येतात. शिवाय १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहतींचा मोठा संहार केला. अशा साथीतून तगणाऱ्या वसाहती पुढच्या पैदाशीसाठी मोलाच्या ठरतात आणि तशी एखादी भिंतीतही असू शकते, म्हणून आम्ही सुटकेच्या बाजूचे आहोत.

पोकळी खरवडून, चुन्याने भरून मगच भेग बुजवावी. मेणाचा वास राहिला तर पुढच्या हंगामात नवा थवा तिथेच उतरतो.