मोरचूद आणि चुना

बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या आनेकल तालुक्यावर पावसाची दुहेरी कृपा आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडील सरी सुरू होतात. मात्र परसातील द्राक्षवेलीला आणि डाळिंबाला हाच काळ कठीण जातो. पान फार वेळ ओले राहिले की बुरशीचे सूक्ष्म बीज त्यावर रुजते. डाग डोळ्यांना दिसतो तेव्हा रोग आत शिरलेला असतो. म्हणून औषध हवे ते रोगाच्या आधी. हे साधे सत्य शास्त्राच्या हाती आले ते मात्र एका योगायोगाने.

अमेरिकेतून आलेला केवडा रोग 1878 पासून फ्रान्समधील द्राक्षमळे उजाड करू लागला. 1882 च्या शरदात बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना मेदोक भागात एक नवल दिसले. सारा मळा निष्पर्ण झाला होता, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या होत्या. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला होता! प्रयोगांती 1885 मध्ये मिलार्दे यांनी ही कृती प्रसिद्ध केली. तेच आजचे बोर्डो मिश्रण होय.

म्हैसूर संस्थानात या मिश्रणाची कसोटी लागली ती सुपारीच्या बागांत. मलनाडच्या पावसात कोवळी सुपारी कुजून गळे. कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजे कुज. कोकणातील बागाइतदारही या व्याधीला कोळेरोगच म्हणतो. पावसापूर्वी झाडावर चढून घोसांना पोफळीच्या विरीचे टोप बांधावेत, ही तेथील जुनी रीत होती. रोगाचे बीज कोणी पाहिले नव्हते. पण घोस कोरडा राहिला तर वाचतो, हे अनुभवाने ठाऊक होते. 1908 मध्ये संस्थानच्या सेवेत आलेले कॅनडाचे लेस्ली कोलमन यांनी रोगाचे मूळ शोधले, आणि 1910 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. टोपाऐवजी बोर्डो मिश्रणाची फवारणी त्यांनी सुचविली. टोपाचे कार्य आता घोसावर वाळलेला निळसर थर करू लागला.

परसातही हेच तत्त्व लागू पडते. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना मातीच्या, लाकडी वा प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा कालवावा, मग एकत्र करून एकूण पाणी 100 लिटर करावे. झाडे थोडी असल्यास त्याच प्रमाणात कमी घ्यावे. मिश्रणात बुडविलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस पुट चढले, तर चुना कमी पडला असे समजावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. तांबे मातीत साठत जाते, म्हणून फवारणीचा अतिरेकही नको. गळलेली रोगट पाने वेचून नष्ट करावीत आणि दाट फांद्या विरळ करून वारा खेळू द्यावा.

मिलार्दे यांचा निळा थर असो वा मलनाडच्या बागाइतदाराचा टोप, दोहोंचे यश एकाच गोष्टीत होते: दोन्ही पावसाच्या आधी झाडावर पोहोचले होते.