वानगी कोण काढतं? यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्ताने



आजचा विषय वरवर खेळासारखा आहे. यवतमाळ जिल्ह्याचं अगदी अस्सल उदाहरण सांगा: एक पीक, एक रेल्वेगाडी, एक आंदोलन, एक माणूस, एक घटना. प्रत्येक खान्यात एकच नाव लिहायचं. शाळेच्या निबंधात, प्रदर्शनाच्या दालनात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत आपण हे सतत करत असतो. कापूस, शकुंतला, जंगल सत्याग्रह, वसंतराव नाईक, शेतकरी आत्महत्या. दोन मिनिटांत यादी तयार. आम्हांला आज विचारायचं आहे ते एवढंच, की ही नावं निवडली कोणी, आणि कशासाठी?

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे, वानगी. ‘वानगीदाखल’ असं आपण सहज म्हणून जातो. पण वानगी म्हणजे ढिगातून काढलेला मूठभर नमुना. त्या मुठीवर सगळ्या मालाचा भाव ठरतो. विकणाऱ्याला वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचा असतो, घेणाऱ्याला आत हात घालून ओलावा बघायचा असतो. ढीग एकच, पण वानगी दोन. इतिहासातही असंच होतं.

सुरुवात कापसापासूनच करू. 1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला नाव होतं ‘ऊमरा’. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, तिचं व्यापाऱ्यांच्या तोंडी झालेलं हे रूप. वऱ्हाडच नव्हे, तर खानदेश आणि मध्य प्रांतातला आखूड धाग्याचा कापूससुद्धा याच नावाने विकला जाई. म्हणजे दारव्ह्याच्या शेतकऱ्याचा कापूस परदेशी पोचेपर्यंत अमरावतीचा झालेला असे! आता अमरावतीचा कापूस सर्वांत सरस होता का? तसंही नाही. दर्जाच्या बाबतीत हिंगणघाटचा लौकिक मोठा होता. पण अमरावतीला बाजार होता, आणि जिथे बाजार तिथलं नाव. पहिला धडा हा घ्यायचा, की नमुना म्हणून जे नाव टिकतं ते पुष्कळदा पिकवणाऱ्याच्या गावाचं नसतं, खरेदीच्या गावाचं असतं.

शकुंतलेबद्दल थोडक्यात सांगतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभारलेला. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावत होतं. लोकांच्या आठवणीत ही गरिबांची गाडी आहे, आणि ती आठवण खोटी नाही. पण जरा नकाशा समोर ठेवा. वणी, पुसद या जिल्ह्यातल्या मोठ्या गावांना हा रूळ शिवतच नाही. तो निघतो यवतमाळहून आणि मूर्तिजापूरला मुंबईच्या मुख्य मार्गाला जाऊन मिळतो. त्याचं तोंड बंदराकडे आहे. एकाच गाडीत आपली माया आणि कंपनीचा हिशोब असे दोन्ही बसलेले आहेत.

आता आंदोलनाकडे येऊ, आणि इथे जरा थांबू. 1930 च्या सविनय कायदेभंगाचं उदाहरण विचारलं तर देशभर एकच उत्तर येतं, दांडी. 6 एप्रिल, मूठभर मीठ. पण यवतमाळला समुद्र कुठला? अकोल्याकडे खारपाणपट्टा आहे, तिथे दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. यवतमाळच्या डोंगराळ मुलखात तेही शक्य नव्हतं. शिवाय जून लागला, पाऊस आला, की मिठाचं काम थांबतं. मग कायदा मोडायचा तरी कोणता?

उत्तर गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्यात होतं. राखीव जंगल, चराईचे निर्बंध, गवत कापायला बंदी. मीठ सरकारचं, तसं गवतही सरकारचं! पावसाळ्यात तेच गवत कमरेएवढं वाढतं. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. अणे मूळ वणीचे, जन्म 1880 चा, टिळकांच्या तालमीत तयार झालेले. पुढे मध्य प्रांतात आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले.

पण आज ‘जंगल सत्याग्रह’ म्हटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं ते रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरचं. 25 सप्टेंबर 1930 ला तिथे गोळीबार झाला, माणसं मेली. त्या बलिदानाचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण लक्षात घ्या, आपण नमुना निवडतो तेव्हा रक्त सांडलेली घटना आपोआप वर येते. पुसदला काय झालं? देशाने दिलेला नमुना जसाच्या तसा न उचलता, आपल्या जमिनीत त्याचा अर्थ काय हे शोधलं गेलं. आमच्या मते ही गोष्ट तितकीच मोठी आहे.

आणि इथेही ढिगात अजून आत हात घालायला हवा. फोटो नेत्यांचे, तुरुंगवासाच्या नोंदी नेत्यांच्या. पण ज्यांचं सगळं जगणंच जंगलावर, ते कोलाम आणि गोंड? त्यांच्यासाठी गवत हे प्रतीक नव्हतं, गरज होती. जिल्ह्याची भाषा विचारली तर आपण वऱ्हाडी म्हणून मोकळे होतो. इथे कोलामी बोलली जाते, जी द्राविडी कुळातली आहे. गोंडी आहे, बंजारा बोली आहे. वरची मूठ उचलली की हे सगळं ढिगातच राहतं.

आता अवघड भाग. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. 1963 ते 1975 असे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. त्यांचा जन्मदिवस, 1 जुलै, राज्यभर कृषिदिन म्हणून पाळला जातो. आणि याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात जीवन संपवलं. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते, आणि त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. आता ‘पहिली’ हा शब्द काय सांगतो? त्याआधी कर्जापायी कोणी मेलंच नव्हतं, असं कोण म्हणेल? ‘पहिली’ म्हणजे जिच्यापाशी समाज थांबला ती.

या थांबण्याचा उपयोग झाला. 2006 साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं पॅकेज आलं, त्यात यवतमाळ होतं. नमुना ठरल्याशिवाय सरकारचं लक्ष जात नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्याच वेळी ‘आत्महत्याग्रस्त जिल्हा’ हे विशेषण चिकटलं. बाहेरून येणारा प्रत्येक जण तेच बघायला येऊ लागला. जिवंत माणसं एका खान्यात बंद झाली.

म्हणून जानेवारी 2019 चं यवतमाळचं साहित्य संमेलन आम्हांला महत्त्वाचं वाटतं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या. त्यांना बोलावलं गेलं ते नमुना म्हणूनच, यात शंका नाही. पण त्या उभ्या राहिल्या आणि मागे उरलेल्या एकट्या बाईच्या जगण्याबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलल्या. वानगीच बोलू लागली! मग तिचा भाव दुसऱ्या कोणाला ठरवता येत नाही.

तेव्हा कोणी ‘सर्वांत अस्सल’ असं काही पुढे केलं, तर तीन प्रश्न विचारत चला. हे कोणी निवडलं? त्याने कोणाचं काम सोपं झालं? आणि ज्याला निवडलं त्याला बोलू दिलं का?

व्याख्यानाआधी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती: एवढं सगळं बोलाल, पण तुम्हांला एकच वस्तू निवडायची तर कोणती निवडाल? प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. गवताची पेंढी. तिच्यात जंगल आहे, गुरं आहेत, सरकार आहे, पुढारी आहे आणि ज्याचं नाव कुठेच नाही तो गुराखीही आहे. तुमची निवड वेगळी असेल तर जरूर कळवा, मात्र कारणासकट.