सांधा नसलेली जमीन : सारवलेल्या भुईपासून इपॉक्सीपर्यंत

१/
कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात यंदा इपॉक्सीची जमीन करावी, असा प्रस्ताव घरात आला. काकांनी ठेकेदाराने दिलेला नमुना दाखवला : आरशासारखा गुळगुळीत, एकही सांधा नसलेला. आजीने तो हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाली, "आमची भुईसुद्धा बिनसांध्याचीच होती की रे." आजचा धागा त्या वाक्याचा माग काढणारा आहे : जमिनीतल्या सांध्याचा इतिहास.

२/
आजीचे म्हणणे खरे होते. मुरूम-माती पसरायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि वर शेणकाल्याचा हात फिरवायचा. ही भुई एकसंध असते. तडा गेला तर पुढच्या सारवणात तो बुजतो. अट एकच : दर काही दिवसांनी कुणीतरी उकिडवे बसून ती पुन्हा सारवायची. हे 'कुणीतरी' म्हणजे जवळजवळ नेहमी घरातली बाई. भूमापनाच्या, महसुलाच्या दप्तरांत या श्रमाला रकाना नाही.

३/
ज्यांना परवडत असे त्यांच्याकडे कोबा असे. चुना, वाळू, विटांचा चुरा एकत्र करून कुटायचे, घोटायचे आणि आठवडेच्या आठवडे ओलसर ठेवायचे. वाड्यांच्या गच्च्या, मंदिरांचे मंडप अशा चुन्याच्या कोब्याचे असत. पसरून, कुटून, घोटून केलेली अखंड जमीन म्हणजे कोबा. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे येणारे इपॉक्सी हे रसायनशास्त्राने केलेल्या कोब्यासारखेच आहे.

४/
मग भुईवर आरोप ठेवला गेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. माती, घाण, ओल आणि कोंदट खोल्या यांवर संशय होता. ज्या घरांची जमीनच माती आणि शेणाची, ती घरे आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

५/
१८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना असाधारण अधिकार दिले. घरात शिरून झडती घेणे, भिंतींना चुना फासणे, सामान जाळणे, जंतुनाशके ओतणे आणि प्रसंगी भुई खणून काढणे, हे सर्व त्या काळात घडले. पुण्यात रँडच्या काळातील झडत्यांचा इतिहास आपण २२ जून १८९७ च्या घटनेसाठी वाचतो. त्यात घराच्या जमिनीचाही अपमान झाला होता, हे सहसा नजरेतून सुटते.

६/
भुईचा गुन्हा सिद्ध झाला का? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले. तेव्हा फारसे कुणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधन आयोगाने मात्र थेट जमिनीचीच परीक्षा घेतली. मुद्दाम जंतू पसरलेल्या शेणाच्या भुईची संसर्गक्षमता ४८ तासांपलीकडे टिकली नाही. चुन्याच्या जमिनीवर तर ती २४ तासांतच संपली. आयोगाने पिसवांची भूमिकाही निर्विवाद ठरवली.

७/
म्हणजे भुई निर्दोष होती? पूर्णपणे नाही. जंतू तिच्यात घर करत नव्हता; पण उंदीर करत होता. माती पोखरता येते, कोबा आणि दगड सहजासहजी पोखरता येत नाहीत. पक्की जमीन करणे उपयोगाचे होते, मात्र त्याचे कारण वेगळे होते. उपाय बरोबर आणि कारण चूक, अशी ही गोष्ट. चुकीच्या कारणापायी लोकांची घरे उकरली गेली, आणि त्याची भरपाई कुणी केली नाही.

८/
इकडे दगड स्वस्त होत होता. १८७१ मध्ये मुंबईहून सोलापूर, गुलबर्गामार्गे रायचूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. त्याच मार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा दगड थरांमध्येच घडलेला असल्याने त्याच्या लाद्या सहज निघतात. 'शहाबादी' हे गावाचे नाव मराठीत फरशीचे नाव झाले. वारंवारचे सारवण सुटले; पण जमिनीत प्रथमच सांधे आले, आणि सांध्यांत माती.

९/
श्रीमंती वेगळ्या वाटेने आली. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईच्या संग्रहालयात (आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय) इंग्लंडच्या मिंटनच्या नक्षीदार फरश्या आहेत. या आयातीला स्वदेशी उत्तर १९२२ मध्ये मिळाले. फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. उरणला सिमेंटच्या रंगीत फरश्या तयार होऊ लागल्या. जुन्या मुंबईच्या इमारतींत पायाखाली दिसणारी फुले त्या परंपरेतली आहेत.

१०/
युरोपातही सांधा टाळण्याची धडपड चालू होती. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा तागाच्या कापडावर थापून लिनोलियम आणले. १८६७ मध्ये स्टॅनिस्लास सोरेलने मॅग्नेशियमच्या संयुगांपासून सिमेंट केले; त्यात लाकडाचा भुसा मिसळून अखंड जमिनी ओतल्या जात. पण या सिमेंटला पाणी सोसत नसे. बिनसांध्याची, टिकाऊ आणि पाण्याला न भिणारी जमीन अजून कुणाला साधली नव्हती.

११/
ती निघाली कवळीतून! झुरिकमधील दंतसाहित्याच्या द ट्रे कंपनीत पियेर कास्टान हा रसायनज्ञ कवळीसाठी न आक्रसणारा पदार्थ शोधत होता. १९३८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. जर्मनीत पॉल श्लाक १९३४ मध्येच या रसायनाजवळ पोहोचला होता. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली स्वतंत्रपणे त्यावर काम करत होता. कास्टानच्या शोधाचा परवाना बाझेलच्या सिबा कंपनीने घेतला आणि १९४६ मध्ये 'अ‍ॅराल्डाइट' हे चिकटद्रव्य जगापुढे आले.

१२/
हे रसायन चालते कसे? त्याचे दोन भाग असतात : राळेसारखा दाट द्रव आणि त्याला घट्ट करणारा 'हार्डनर'. दोन्ही वेगळे असताना कित्येक महिने शांत राहतात. एकत्र केले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊ लागतात, उष्णता निर्माण होते आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात मिश्रण हाताबाहेर जाते. एकदा घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. घट्ट होताना ते फारसे आक्रसतही नाही. कवळीसाठी शोधलेला गुण जमिनीच्या कामी आला.

१३/
भारताशी नाते लवकर जुळले. कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ मध्ये स्थापलेल्या अतुल कंपनीचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. वलसाडजवळचा हा परिसर तेव्हा मुंबई राज्यात होता. याच अतुलने सिबासोबत 'सिबातुल' हा संयुक्त उद्योग उभारला. फुटलेला कप जोडायला घरात असलेल्या दोन नळ्या आणि कारखान्याची चकचकीत जमीन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

१४/
पण काँक्रीट असताना हा लेप हवाच कशाला? कारण काँक्रीट दिसते तेवढे घट्ट नसते. चाकांखाली त्याची धूळ निघते, तेल त्यात मुरते, आम्ल त्याला खाते. दुधातून तयार होणारे लॅक्टिक आम्लसुद्धा दुग्धालयाची सिमेंटची जमीन हळूहळू झिजवते. इपॉक्सी त्यावर छिद्ररहित कातडीसारखे बसते. मात्र 'इपॉक्सी' हे एका जमिनीचे नाव नाही, ते एक कुळ आहे. त्याच्या शाखा पाहू.

१५/
पातळ लेप : रंगासारखा, मिलिमीटरहून कमी जाडीचा. गोदामे, वाहनतळ, हलकी वर्दळ. स्वस्त, पण लवकर झिजतो.

स्वसमतल : ओतल्यावर स्वतःच सपाट होणारे, साधारण २ ते ३ मिमी. औषधनिर्मिती, प्रयोगशाळा, दालने. कारागीर खिळ्यांचे बूट घालून ओल्या थरावर चालतात आणि काटेरी रोलरने बुडबुडे फोडतात.

१६/
मॉर्टर : इपॉक्सीत क्वार्ट्झची वाळू कालवून थापीने बसवलेला ५-६ मिमी किंवा अधिक जाडीचा थर. यंत्रशाळा आणि जड मालगाड्यांची वर्दळ यांसाठी. कोब्याचा सर्वांत जवळचा वारस हाच.

वाळू वा चकत्या शिंपडलेली जमीन : ओल्या थरावर रंगीत वाळू किंवा चकत्या उधळतात, त्यामुळे पाय घसरत नाही. उतार, ओले भाग, घरचे गॅरेज यांना योग्य.

१७/
स्थितीजविद्युतरोधक : थरात कार्बनसारखे वाहक द्रव्य आणि खाली जमिनीशी जोडलेल्या तांब्याच्या पट्ट्या. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग किंवा ज्वालाग्राही द्रावक जिथे हाताळतात तिथे एक ठिणगीही महाग पडते.

टेराझो : संगमरवराचे वा काचेचे तुकडे इपॉक्सीत घट्ट करून घासलेले, म्हणजे आपल्या मोझेकचा पातळ, बिनसांध्याचा अवतार. विमानतळ, मोठी सभागृहे.

धातूची झाक असलेले : दुकाने आणि हौशी घरे. यात शोभा अधिक, गरज कमी.

१८/
एक चुलतभाऊही आहे. उकळत्या पाण्याने किंवा वाफेने धुतल्या जाणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांत, दुग्धालयांत साधे इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते. १९६९ मध्ये ब्रिटनच्या आयसीआयने सिमेंट आणि पॉलियुरेथेन एकत्र करून यावर उपाय काढला. आज कुणी अशा जागेसाठी 'इपॉक्सी' सुचवले, तर जमीन कशाने आणि किती गरम पाण्याने धुतली जाणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

१९/
आता सांधा कायद्यातही आला आहे. औषधनिर्मितीसाठीच्या आपल्या नियमांतील अनुसूची 'एम' म्हणते की भिंतींना आणि जमिनीला भेगा किंवा उघडे सांधे नसावेत, कारण तिथे धूळ साचते. पृष्ठभाग गुळगुळीत, धुण्याजोगा असावा. आपण गिळतो त्या गोळीच्या शुद्धतेत जमिनीचाही वाटा आहे. १८९७ मध्ये संशयावरून भुई उकरली गेली. इथे अट आहे ती मोजता, तपासता येणाऱ्या कारणासाठी. फरक एवढाच, पण तो फार मोठा.

२०/
श्रमाचे काय झाले? वारंवारचे सारवण संपले, पण श्रम दुसऱ्या हातांत गेले. न घट्ट झालेले इपॉक्सी आणि त्याचे हार्डनर त्वचेला घातक आहेत. एकदा त्यांची अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. मग अगदी थोडा स्पर्शही पुरतो. योग्य हातमोजे आणि खेळती हवा यांचा खर्च कामाच्या दरात धरलेला आहे का, हे विचारणे ग्राहकाचेही काम आहे.

२१/
यातले एक वळण मला फार कोकणी वाटते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूच्या टरफलातले तेल हात भाजते, हे कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याच तेलातून कार्डानॉल काढतात, आणि कार्डानॉलपासून इपॉक्सीचे हार्डनर बनवतात. ओल्या, थंड हवेत ते विशेष उपयोगी पडतात. म्हणजे ज्या तेलाने एका टोकाला हात भाजले, ते दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी जमिनीखाली जाऊन बसते.

२२/
आमच्या माजघराचा निकाल? घर जांभ्याचे, जोते जुने, जमिनीखाली ओल अडवणारा थर नाही. पावसाळ्यात खालून वर येणारी वाफ बंदिस्त लेपाला फोड आणते आणि तो उचकटतो. अंगणात ऊन लागते, आणि उन्हाने इपॉक्सी पिवळे पडते. म्हणून घरात नाही. काकांच्या काजूच्या शेडमध्ये, जिथे माल पॅक होतो आणि खाली नवे काँक्रीट आहे, तिथे मात्र करायचे ठरले. काँक्रीट वाळल्याची खात्री करून. ठेकेदाराला पहिला प्रश्न मीच विचारला : तुमच्या माणसांना हातमोजे आहेत ना?

२३/
जमिनीचा इतिहास लिहिताना आपण दगड, चुना, रसायन मोजतो. मला वाटते, प्रत्येक जमिनीला तीन प्रश्न विचारावेत. ही कोणत्या भीतीपोटी केली? ती भीती खरी होती का? आणि ती राखण्यासाठी कुणाचे हात झिजले? आजीच्या भुईला पहिले दोन प्रश्न इंग्रजांनी चुकीचे विचारले. तिसरा तर कुणीच विचारला नाही.

तुमच्या आजोळी जमीन कशाची होती, आणि ती कोण सारवत असे? खाली जरूर लिहा.