आधी तळं, मग गाव. आता आधी प्लॉट, मग टँकर

मंडळी, समृद्धीच्या इंटरचेंजपासून बुलडाणा-चिखली रोडपर्यंत कुठंही चक्कर मारा. कालपर्यंत सोयाबीन असलेल्या वावरात आज चुन्याच्या रेषा, दगडी खुणा आणि स्वागताची कमान दिसते. प्लॉट पाडायला विरोध नाही, घर सगळ्यांनाच पाहिजे. पण आपल्या जिल्ह्यातली गावं आजवर वाढली कशी, ते एकदा बघा. मग आत्ता काय चुकतंय ते कळेल.

सुरुवात सिंदखेडराजापासून. जिजाऊंचं माहेर म्हणून आपण तिथं माथा टेकतो, पण मोती तलावाच्या भिंतीवर किती जण थांबतात? लखुजीराजे जाधवांच्या काळातलं हे काम. कमी पावसाच्या मुलखात वस्ती टिकवायची तर पाणी अडवावं लागतं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. वाडा आणि तळं यांचा विचार त्यांनी एकत्रच केला.

दुसरं खामगाव. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावचा कापूस बाजार फुगला. १८६७ मध्ये नगरपालिका आली, १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला. इंग्रजांना आपला पुळका नव्हता, त्यांना गाठी मुंबईला न्यायच्या होत्या. तरीसुद्धा गाव वाढतंय म्हटल्यावर जनुना तलावासारखी पाण्याची सोय करावीच लागली.

तिसरं खुद्द बुलडाणा. ना रेल्वे, ना मोठा बाजार. अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन हजार फुटांवरची थंड हवा साहेबांना मानवली, म्हणून जिल्ह्याचं ठाणं इथं आलं. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि वस्ती पसरली. या शहराचा घसा आजही पैनगंगेवरच्या येळगाव धरणावर ओला होतो. धरण तेच आहे, शहर मात्र चारी दिशांना पळतंय.

म्हणजे क्रम काय होता? आधी काहीतरी कारण, मग पाणी आणि रस्ता, मग घरं. राजा असो, इंग्रज असो की आपलं सरकार, सार्वजनिक काम कुणीतरी अंगावर घेत होतं.

आता क्रम उलटा झालाय. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या चार तालुक्यांतून जवळपास ९० किलोमीटर जातो. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. साब्रा-काब्रा, सावरगाव माळ भागात नवनगरांची घोषणा झाली. नगर कागदावर असतानाच आसपासच्या धुऱ्याधुऱ्यांवर इसार झाले. एकरात बसलेला भाव गुंठ्यात आला. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, हे गणित आता शाळेतलं पोरगंही सांगतं.

कायद्याचा इतिहासही बघा. शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदी कायदा आला. तुकडे पडायचे थांबले नाहीत. खरेदीखत होईना, तर नोटरीवर आणि शंभराच्या बाँडवर व्यवहार झाले. मग २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करून आधीचं नियमित करायची सोय झाली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले रहिवासी भागातले तुकडे फुकटात नियमित करायचा रस्ता मोकळा केला. अडकलेल्या गरीब माणसाला दिलासा मिळाला, ते चांगलंच झालं. पण नियमित काय होतं? कागद. नाली, रस्ता, नळ अध्यादेशाने येत नाहीत. शिवाय दर वेळी माफी मिळते हे कळल्यावर पुढचा तुकडा पाडणाऱ्याला भीती कशाची?

कुणी म्हणेल, बोअर मारू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला विचारा, बोअरचं पाणी काय असतं ते. किडनीच्या आजाराने तिथली घरं पोखरली आहेत. आणि घाटावर खडक फोडून किती खोल जाणार? शेजाऱ्याचा बोअर आपल्यापेक्षा शंभर फूट खाली गेला की आपला संपला.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि पाचातला जेमतेम एक माणूस शहरात राहत होता. नवी मोजणी २०२७ ची. तेव्हा ग्रामपंचायतीच्या हद्दीत किती नगरं उभी राहिलीत ते आकड्यात दिसेल. त्या नगरांचा कचरा, दिवाबत्ती, पाणी हे सगळं दोन-चार कर्मचाऱ्यांच्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात आहे.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. प्लॉट घेताना कमान, गार्डनचा फोटो आणि चांदीचं नाणं बघू नका. मंजूर ले-आऊटचा नकाशा मागा, बिनशेती आदेश मागा, आणि पाणी कुठून येणार ते लेखी मागा.

दुसरी गोष्ट, एक एकरावरच्या ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. तुमच्या कॉलनीतली ती जागा नकाशात कुठं आहे आणि जमिनीवर कुठं आहे, ते या रविवारी जाऊन बघा. तिथं टपरी, सभागृह किंवा कुणाचं कुंपण आलं असेल तर नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लखुजीराजांनी मागे तळं ठेवलं. आपण पोरांसाठी निदान तेवढं मैदान तरी ठेवू.

तुमच्या भागातली ओपन स्पेस शाबूत आहे का? कॉलनीचं नाव टाकून खाली लिहा.