खेळाच्या बुटांची व पिशवीची दुर्गंधी

धावण्याच्या किंवा व्यायामाच्या बुटांत आणि कपडे-टॉवेल कोंबून नेण्याच्या पिशवीत ओल साचल्याने सुटणारा आंबूस, कुबट वास. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरेकाठी वसलेल्या पिंपळनेरला हा त्रास मुख्यतः पावसाळ्यातला. सह्याद्रीच्या पायथ्यामुळे येथे पूर्वेकडील धुळे-शिंदखेड्यापेक्षा पाऊस जास्त. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तयारी करणाऱ्यांचा सराव पावसासाठी थांबत नाही, आणि बहुतेकांकडे बुटांचा एकच जोड असतो. सकाळी भिजलेला बूट दुसऱ्या पहाटेपर्यंत आतून वाळत नाही.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. दोन्ही पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घर्मग्रंथी आहेत. त्यांचा घाम बंद बुटात कोंडतो आणि त्यावर जिवाणू पोसतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जिवाणू घामातील ल्यूसिनपासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो. पायाच्या आंबूस वासाचे मोठे कारण हेच. कायटोकॉकस सेडेंटेरियस तळव्याच्या जाड कातडीला बारीक खळगे पाडतो आणि गंधकासारखा उग्र दर्प सोडतो. पिशवीत घामाचे कपडे चेन लावून ठेवले की तेथेही हेच घडते. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये वास अधिक मुरतो, आणि खेळाचे टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचेच असतात.

म्हणून अत्तर किंवा सुगंधी फवारा हा उपाय नव्हे. त्याने वास झाकला जातो, जिवाणू तसेच राहतात. खरा उपाय वाळवणे. घरी येताच नाड्या सैल कराव्यात, जीभ वर ओढावी, आतली गादी बाहेर काढून वेगळी वाळत घालावी. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. पहिले बोळे रात्रभर तसेच ठेवले तर ओल आतच राहते. चुलीजवळ बूट ठेवू नयेत, सोलचा डिंक सुटतो. दुसरा जोड परवडत नसेल तर गादीचा जादा जोड आणि रोज धुतलेले मोजे, एवढ्यानेही फरक पडतो.

कोरड्या बुटात रात्री चमचाभर खाण्याचा सोडा भुरभुरवावा व सकाळी झटकावा. सोडा आम्लाशी संयोग पावतो, त्यामुळे वास कमी होतो. मात्र तो जिवाणू मारत नाही. पिशवी उलटी करून शिवणींत साबणाचा ब्रश फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच भरावी.

दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातील विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांनी बुटांच्या मांडणीतच अतिनील दिवा बसवण्याची कल्पना मांडली. त्या दिव्याच्या यूव्हीसी किरणांना जिवाणू मारायला दोन-तीन मिनिटे पुरतात, त्याहून जास्त वेळ दिल्यास रबर करपते, असे त्यांना आढळले. या कामाला २०२५ चे इग नोबेल मिळाले. खानदेशचे ऊन जिवाणू मारण्याचे काम या दिव्यासारखे करत नाही, कारण यूव्हीसी किरण वातावरणातच अडतात. उन्हाचा खरा उपयोग ओल घालवण्यापुरता.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, कातडी पांढरी पडून खाज सुटत असेल किंवा तळव्याला खळगे दिसत असतील, तर बूट धुऊन भागणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.