यंत्र एक, वाटेकरी अनेक : विद्यापीठांच्या सामायिक संगणकाचा इतिहास

१/
१ मे १९६४. पहाटेचे चार वाजले होते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयाच्या एका तळघरात गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि एक विद्यार्थी शेजारशेजारच्या टेलिटाइप यंत्रांपाशी बसले. दोघांनी एकाच वेळी ‘रन’ ही आज्ञा टाइप केली आणि दोघांनाही आपापले उत्तर मिळाले. आकडेमोड करणारा संगणक मात्र एकच होता.

आज अनेक विद्यापीठांत विद्यार्थी ब्राउझर उघडून ‘ज्युपिटरहब’वर डेटाचे विश्लेषण करतात. त्या सोयीच्या पूर्वजांपैकी एक या तळघरात भेटतो. त्या घराण्याचा हा इतिहास. #इतिहास #थ्रेड

२/
त्या पहाटेचे महत्त्व कळण्यासाठी आधीची रीत पाहावी लागते. १९५०च्या दशकात संगणक वापरणारा माणूस संगणकासमोर बसत नसे. तो आपला प्रोग्रॅम कार्डांवर छिद्रे पाडून लिहून घेई, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर जमा करी आणि परत जाई. चालक असे अनेक गठ्ठे एकापाठोपाठ एक यंत्राला देई. उत्तराचा कागद काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी हाती येई. या पद्धतीला ‘बॅच प्रोसेसिंग’ म्हणत.

३/
यंत्राचा क्षणही वाया जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था होती. यंत्र अतिशय महाग होते. त्या मानाने माणसाचा वेळ स्वस्त धरला गेला. परिणाम असा, की एक स्वल्पविराम चुकला तरी पूर्ण दिवस हातचा जाई. चूक एवढी महाग असेल, तेव्हा माणूस प्रयोग करत नाही. ‘हे असे करून पाहिले तर?’ हा प्रश्न मनातच राहतो. अशा व्यवस्थेत संगणकापर्यंत पोहोचत ते मुख्यतः अनुभवी संशोधक. नवशिक्या विद्यार्थ्यासाठी तिथे जागा नव्हती.

४/
भारतातील चित्रही याच काळाला साजेसे होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडवला आणि १९६० साली तो कार्यान्वित केला. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातील अनेक विद्यापीठांचे आणि संस्थांचे संशोधक आपली गणिते तिथे करून घेत. एका शहरातील एक यंत्र आणि त्याचे वाटेकरी देशभर, असा तो प्रकार होता.

५/
कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला. तिथे व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी व अभियंत्यांसाठी संगणनाचे छोटे, सखोल वर्ग चालवले. यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे त्यांनी मानले नाही. ते वापरू शकणारी माणसे तयार करणे हाही संस्थेचा भाग आहे, ही जाण त्या वर्गांमागे होती. सामायिक यंत्राच्या इतिहासात हा धागा पुन:पुन्हा दिसतो.

६/
आता पुन्हा अमेरिकेकडे. डार्टमथचे थॉमस कुर्ट्झ १९५०च्या दशकात कार्डांनी भरलेली पेटी घेऊन रेल्वेने बॉस्टनला जात, कारण त्यांना वापरता येणारा संगणक तिथल्या एमआयटीत होता. त्याच एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या आरंभी एक टिपण लिहिले. यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत कापून अनेकांना पाळीपाळीने द्यावा, ही त्यातील कल्पना. माणूस विचार करत असताना यंत्र दुसऱ्याचे काम करील आणि प्रत्येकाला वाटेल, की यंत्र आपल्यासाठीच आहे. हेच ‘टाइम-शेअरिंग’.

७/
नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. तिचे नाव सीटीएसएस. एका यंत्रावर अनेकांच्या फाइली राहू लागल्या, तेव्हा कोणाचे काय हे राखण्यासाठी प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. आज प्रत्येकाच्या डोक्याला ताप झालेल्या पासवर्डचा उगम असा सामायिक संगणकाच्या पोटी आहे.

८/
वाटणी आली, की वाटणीचे भांडण येतेच. १९६२ साली अॅलन शेर या एमआयटीतील संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि ते त्याला पुरत नसत. त्याने पासवर्डांची फाइल छापून देण्याची विनंती कार्डावर करून यंत्राला दिली. यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली. मग तो इतरांच्या नावावरचा वेळ वापरू लागला. पुढे अनेक वर्षांनी त्याने हे स्वतःच सांगितले. संगणकीय सुरक्षेच्या इतिहासातील ही आरंभीची चोरी; चोरीचा माल म्हणजे यंत्राचा वेळ.

९/
एमआयटीची प्रणाली प्रामुख्याने संशोधकांसाठी होती. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी वेगळा निर्णय घेतला : डार्टमथच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक खुला असावा, त्याचा विषय इतिहास असो वा वाङ्मय. त्यांच्यासमोर नमुना होता ग्रंथालयाचा. उघड्या कपाटांच्या ग्रंथालयात ‘हे पुस्तक कशाला हवे?’ असे कोणी विचारत नाही आणि पुस्तकामागे पैसेही घेत नाही. संगणकाचेही तसेच असावे, असा त्यांचा आग्रह होता.

१०/
या आग्रहामागे केमेनी यांचे आयुष्य होते. त्यांचा जन्म १९२६ साली बुडापेस्टचा. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांचा फास आवळत असताना, १९४० साली, त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले. युद्धकाळात तरुण केमेनी यांनी लॉस अलामोसच्या अण्वस्त्र-प्रकल्पात गणनयंत्रांवर काम केले. एखादे गणित तडीस नेण्यासाठी किती माणसे किती काळ खपतात, हे त्यांनी तिथे पाहिले होते. ते बळ सामान्य विद्यार्थ्याच्या हाती देण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

११/
डार्टमथची रचना दुपेडी होती. डेटानेट-३० हे यंत्र टेलिटाइपांशी संवाद ठेवी आणि कोणाची पाळी कधी, हे ठरवी. प्रत्यक्ष आकडेमोड जीई-२२५ हा संगणक करी. एक द्वारपाल, दुसरा कामकरी. ही जोडी ध्यानात ठेवावी. अर्धशतकानंतर ती वेगळ्या वेषात पुन्हा येते. प्रणालीचा बराचसा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनीच लिहिला, हेही नोंदवण्यासारखे.

१२/
नवशिक्यांसाठी केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ‘बेसिक’ ही भाषा रचली. यंत्रावर येताना ‘हॅलो’ टाइप करायचे, जाताना ‘गुडबाय’. उत्तर काही सेकंदांत येई. चूक झाली तर तिथेच दुरुस्त करून पुन्हा चालवता येई. बॅचच्या जमान्यात जी चूक एक दिवस खाई, ती आता अर्ध्या मिनिटाची झाली. चूक स्वस्त झाली आणि तिच्यासोबत कुतूहलही स्वस्त झाले. टेलिफोनच्या तारांवरून आसपासच्या शाळा-महाविद्यालयांनाही हे यंत्र वापरता येऊ लागले.

१३/
तरीही ‘सर्वांसाठी’ या शब्दाची तपासणी इतिहासाने करावीच. १९६४ साली डार्टमथमध्ये पदवीला फक्त मुलगे घेत. महाविद्यालयाचे दार मुलींसाठी उघडले ते १९७२ मध्ये, केमेनी तिथले अध्यक्ष असताना. संगणकाचे दार सताड उघडे होते. पण ज्या आवारात ते दार होते, त्याचे फाटक निम्म्या समाजाला बंद होते. सामायिक साधनाची व्याप्ती त्याच्या तंत्रावर जेवढी अवलंबून असते, तेवढीच ते बाळगणाऱ्या संस्थेच्या प्रवेश-नियमांवर असते.

१४/
१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात वैयक्तिक संगणक आला आणि वाटणीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. ज्याचे यंत्र त्याच्या टेबलावर. पण जुना प्रश्न नव्या रूपात परतला. ज्याला चांगले यंत्र परवडते, त्याचे विश्लेषण वेगाने होते. ज्याला परवडत नाही, तो मागे राहतो. शिवाय प्रत्येक यंत्रावर सॉफ्टवेअर वेगळे, आवृत्ती वेगळी. एकाच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अडतो, हा वर्गावर्गातील अनुभव झाला.

१५/
इकडे विश्लेषण लिहिण्याची पद्धतही बदलत होती. १९८८ साली आलेल्या ‘मॅथेमॅटिका’त मजकूर, सूत्रे आणि उत्तरे एकत्र ठेवणारी ‘नोटबुक’ ही कल्पना होती. २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या मूळ कोलंबियाच्या भौतिकशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने कोलोरॅडो विद्यापीठात असताना ‘आयपायथन’ लिहायला घेतले. एक ओळ द्यावी, उत्तर पाहावे, मग पुढची ओळ सुचावी, अशी ती संवादी रीत. २०११च्या अखेरीस ती ब्राउझरमधील नोटबुकच्या रूपात आली.

१६/
२०१४ मध्ये या प्रकल्पाला ‘ज्युपिटर’ हे नाव मिळाले. त्यात ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची अक्षरे गुंफली आहेत. दुसरा संदर्भ इतिहासाचा. जानेवारी १६१०मध्ये गॅलिलिओने गुरू ग्रहाजवळचे ठिपके रात्रीमागून रात्र नोंदवले : आकृती, तिच्याजवळ निरीक्षण, मग अनुमान. गुरूचे चंद्र जगाला कळले ते या नोंदींतून. पुरावा आणि युक्तिवाद एकाच पानावर ठेवण्याच्या त्या परंपरेला या नावाने वंदन केले आहे.

१७/
आता दोन्ही प्रवाह मिळाले. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५च्या शरद-सत्रात ‘डेटा ८’ हा अभ्यासक्रम सुरू केला. कोणत्याही शाखेच्या, आधी प्रोग्रॅमिंग न केलेल्या विद्यार्थ्यालाही तो घेता यावा, ही अपेक्षा. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवण्यातच पहिले आठवडे गेले असते. उपाय ठरला ज्युपिटरहब : सर्व सामग्री विद्यापीठाच्या सामायिक सेवेवर, विद्यार्थ्याकडे फक्त ब्राउझर. स्वस्त लॅपटॉपवाला आणि महागड्या लॅपटॉपवाला एकाच पायरीवर आले.

१८/
याची अंतर्रचना पाहिली, की डार्टमथची जोडी आठवते. हब हा द्वारपाल. तो विद्यापीठाच्या खात्यावरून ओळख पटवतो आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र नोटबुक-सर्व्हर सुरू करतो. प्रॉक्सी हा भाग ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती योग्य सर्व्हरकडे वळवतो. प्रत्यक्ष आकडेमोड त्या सर्व्हरवरचा ‘कर्नल’ करतो. टेलिटाइपच्या जागी ब्राउझर आला, टेलिफोनच्या तारेच्या जागी इंटरनेट. मूळ आराखडा ओळखीचा राहिला.

१९/
वाटणीचा धर्मही तोच. सामायिक सेवेवर सहसा प्रत्येकाला मेमरीची मर्यादा असते. जनगणनेचे जाडजूड तक्ते कोणी एकदम मेमरीत ओतले आणि मर्यादा ओलांडली, तर कर्नल बंद पडतो. ही मर्यादा शेजाऱ्याच्या हिश्शाचे कुंपण आहे. बराच वेळ निष्क्रिय राहिलेला सर्व्हरही अनेक ठिकाणी आपोआप बंद केला जातो. तेव्हा जतन केलेल्या फाइली राहतात. मेमरीतील मधली उत्तरे पुसली जातात. म्हणून हवे ते तक्ते आणि खुणेची उत्तरे फाइलीत उतरवून ठेवणे, गरजेपुरतेच स्तंभ वाचणे आणि काम संपल्यावर सर्व्हर स्वतः थांबवणे, ही इथली शिस्त.

२०/
इतिहासाच्या अभ्यासकाने एक सापळा विशेष ओळखावा. नोटबुकचे पान वरून खाली वाचले जाते, पण कर्नल लक्षात ठेवतो तो आज्ञा चालवल्याचा क्रम. पाचवा कप्पा आधी आणि दुसरा नंतर चालवला असेल, तर पानावरचे उत्तर पानावरच्या युक्तिवादातून निघालेले नसते. कागदपत्राचा क्रम आणि घटनांचा क्रम यांत फरक असतो, हे इतिहासाला जुनेच ठाऊक आहे. उपाय सोपा : निष्कर्ष मांडण्यापूर्वी कर्नल नव्याने सुरू करून सर्व कप्पे क्रमाने चालवावेत. तेच उत्तर आले, तरच ते उत्तर.

२१/
उरतो डार्टमथचाच प्रश्न : फाटकाची किल्ली कोणाकडे? सामायिक सेवा संस्थेच्या पैशावर आणि मर्जीवर चालते. पदवी संपली, की खातेही बहुधा संपते. ज्याने वर्षांचे काम केवळ तिथेच ठेवले, त्याचा संग्रह दाराआड राहतो. सेवेचे व्यवस्थापक फाइलींपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून मुलाखतींसारखी खासगी सामग्री तिथे विचार करूनच ठेवावी. ज्युपिटरहब मुक्त सॉफ्टवेअर असल्याने छोटे महाविद्यालयही ते उभारू शकते. पण यंत्र, वीज आणि ते सांभाळणारा माणूस यांचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो.

२२/
ग्रंथालयाचे अंदाजपत्रक मांडताना ‘प्रत्येक विद्यार्थी स्वतःची पुस्तके विकत का घेत नाही?’ असे कोणी म्हणत नाही. संगणनाच्या बाबतीत हा प्रश्न आजही सहज विचारला जातो. केमेनी १९९२ साली गेले, कुर्ट्झ २०२४ मध्ये. त्यांची बेसिक बहुतेकांच्या विस्मरणात गेली. आपल्या महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात संगणक कोणत्या रकान्यात बसतो, ग्रंथालयाच्या की प्रयोगशाळेच्या, हे मात्र कोणत्याही विद्यार्थ्याने आजही पाहून यावे. त्या तळघरात पहाटे चार वाजता सुरू झालेला वाद तिथे चालू असलेला दिसेल.